दुर्बिणीचा फोटो, वाइड लेन्स आणि नागपूरचे २१ अंश

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरबाहेरच्या एका शाळेने गच्चीवर ३ मीटर व्यासाचा घुमट बांधला आणि आत ११ इंची दुर्बीण बसवली. तुम्ही तिथे विज्ञान शिकवता, फोटोग्राफी हौसेची, हाताशी फुल फ्रेम कॅमेरा आणि १६-३५ एमएमची लेन्स. शाळेला स्मरणिकेसाठी आणि फाटकावरच्या ६ फुटी फ्लेक्ससाठी फोटो हवे आहेत. घुमटात मागे सरकायला जागा नाही म्हणून १६ एमएमवर काढले, तर दुर्बीण तोफेसारखी, खांब पडायला आलेला आणि घुमट अंड्यासारखा. तेव्हा वाइड लेन्स हीच चूक आहे का, असं तुम्ही विचारलंय.

लेन्स बरोबर आहे, भाऊ. उभं राहायची जागा चुकली, आणि माझा अंदाज असा की दुर्बीणही भलत्याच दिशेला वळवून ठेवलेली होती.

मी मूळचा इमारती आणि कारखाने टिपणारा माणूस. बुटीबोरीच्या शेडमध्ये मशिनींचे फोटो काढून वाइड लेन्स हाताला बसली होती, त्यामुळे पहिल्यांदा दुर्बिणीचं काम आलं तेव्हा मी फार विचार केला नाही. १४ एमएम लावली, कोपऱ्यात टेकलो, कॅमेरा थोडा वर कलवला आणि धडाधड फ्रेमा घेतल्या. प्रिंट भारी दिसत होते. ज्यांच्यासाठी काढले ते एक वयस्कर हौशी खगोलप्रेमी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नातवाच्या कंपासपेटीतून कोनमापक मागवला, प्रिंटवर ठेवला आणि म्हणाले, "३५ अंश. हे श्रीनगरच्याही पुढे गेलं की हो. आपण नागपूरला राहतो ना?"

ते काय बोलले हे कळायला मला दोन दिवस लागले. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला लगेच कळेल. तुमच्या दुर्बिणीचं माउंट (ज्यावर ती बसते आणि फिरते ती बैठक) विषुववृत्तीय असेल, म्हणजे त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला. हा अक्ष क्षितिजाशी जो कोन करतो तो त्या जागेच्या अक्षांशाइतका असतो. नागपूरचा अक्षांश २१ अंश ९ कला. म्हणून आपल्याकडे हा अक्ष जेमतेम २१ अंशांनी उचललेला, जवळजवळ आडवाच असतो. युरोप-अमेरिकेतले फोटो पाहून डोळ्याला ४०-५० अंशांची सवय झालेली, त्यामुळे आपली दुर्बीण लोळल्यासारखी वाटते आणि फोटोग्राफर नकळत ती 'उभी' दिसेल असा कोन शोधतो. मीही तेच केलं होतं. इमारतीत खांब सरळ आला की भागतं. दुर्बिणीत मात्र एका तिरप्या रेषेला अर्थ असतो, आणि जाणकार माणूस आधी तीच रेषा बघतो.

आता त्या ३५ चा दोष मी तेव्हा लेन्सला दिला होता. तो लेन्सचा नव्हता. साधी वाइड लेन्स (फिशआय सोडून) सेन्सरला समांतर असलेल्या प्रतलात काहीच वाकवत नाही, अगदी कोपऱ्यापर्यंत नाही. भिंतीसमोर सेन्सर समांतर धरून १४ एमएमने काढा, भिंतीवरची फरशी कोपऱ्यातही चौकोनीच येईल. बिघडतं ते त्या प्रतलातून पुढे आलेलं, मागे गेलेलं, किंवा गोल असलेलं सगळं. मी माउंटच्या बाजूला उभा नव्हतो, जवळजवळ ५५ अंश तिरका होतो. तिरकं पाहिलं की आडवी लांबी आखडते, उंची तेवढीच राहते, आणि २१ चे ३५ होतात. त्या जागेवरून ५० एमएमने काढलं असतं तरी कोन तोच आला असता. १४ एमएमने फक्त मला त्या चुकीच्या जागी उभं राहायची सोय करून दिली.

तेव्हा पहिलं काम असं की कोणतं प्रतल खरं ठेवायचं ते ठरवा. विषुववृत्तीय माउंटसाठी ते उत्तर-दक्षिण उभं प्रतल, म्हणजे याम्योत्तराचं. कॅमेरा घुमटाच्या अगदी पूर्वेच्या किंवा अगदी पश्चिमेच्या भिंतीला लावा आणि सेन्सर उत्तर-दक्षिण रेषेला समांतर धरा. होकायंत्राच्या नादी लागू नका, बाजूला लोखंडी खांब आहे, सुई वेड लावेल. खूण माउंटमध्येच आहे: ध्रुवीय अक्षाच्या टोकाला एक गोल टोपी असते. माउंट फ्रेमच्या मधोमध घ्या आणि टोपीची गोलाई दिसेनाशी होऊन ती नुसती रेषा वाटेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. ती रेषा झाली की तुम्ही बरोबर काटकोनात आहात.

मग दुर्बीण 'होम'ला न्या. नळीचा तोल राखणाऱ्या वजनाची दांडी खाली, नळी ध्रुवाकडे. या स्थितीत अक्ष, नळी, दांडी, वजन हे सगळं एकाच उभ्या प्रतलात येतं, आणि ते प्रतल तुमच्या सेन्सरला समांतर असतं. तोफेचा प्रश्न इथेच मिटतो. तोफ का होते ते आकड्यांत सांगतो. ११ इंची दुर्बिणीची नळी जेमतेम दोन फुटांची, ६० सेंटिमीटर धरा. ती तुमच्याकडे रोखलेली असेल आणि तुम्ही तिच्या मध्यापासून ६० सेंटिमीटरवर असाल, तर जवळचं तोंड ३० वर आणि मागचं टोक ९० वर. म्हणजे पुढचं तोंड मागच्याच्या तिप्पट मोठं दिसणार. तेच भिंतीला पाठ लावून १.३ मीटरवर गेलात तर १ मीटर आणि १.६ मीटर, फरक दीडपटीच्या थोडा वर. आणि नळी आडवी, सेन्सरला समांतर असेल तर फरकच नाही. लेन्स तिन्ही वेळा तीच.

होमला ठेवलेली दुर्बीण झोपलेली वाटते, अशी तक्रार शाळेकडून येईल. मग ती दक्षिणेच्या आकाशात याम्योत्तरावर ४० अंश उंचीला रोखा. हा आकडा हवेतला नाही: आकाशगंगेचा गाभा, धनू राशीतला, नागपूरहून जास्तीत जास्त तेवढ्याच उंचीवर येतो. या स्थितीत नळी याम्योत्तराला समांतरच राहते, पण माउंटच्या एका बाजूला सरकते आणि वजनाची दांडी दुसऱ्या बाजूला आडवी येते. ज्या बाजूला नळी असेल त्याच बाजूच्या भिंतीला तुम्ही उभं राहायचं. वजनाच्या बाजूला उभे राहिलात तर ते काळं लोखंड लेन्ससमोर भोपळ्यासारखं येतं आणि मागे दुर्बीण शोधावी लागते. हा भोपळा मी बऱ्याच लोकांच्या फोटोंत पाहिला आहे.

कॅमेरा उभा धरा आणि काटेकोर लेव्हलमध्ये. खांब पडायला आलाय असं दिसतं ते फक्त कॅमेरा वर कलवल्यामुळे. कलवायची गरज का नाही ते बघा: १६ एमएम उभा धरून १.३ मीटरवरून दुर्बिणीच्या जागी साधारण २.९ मीटर उंची आणि १.९५ मीटर रुंदी बसते. लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर ठेवली तर फरशीपासून थेट डोक्याच्या वरपर्यंत सगळं येतं. नुसती दुर्बीण आणि खांब हवा असेल तर २४ वर जा, तेव्हाही जवळजवळ दोन मीटर उंची मिळते. कॅमेऱ्यातल्या लेव्हलवर माझा पूर्ण भरवसा नसतो, म्हणून मी गवंड्याचा ओळंबा बाळगतो. घुमटाच्या कडेला लटकवायचा, स्क्रीनवर त्याची दोरी फ्रेमच्या कडेशी जुळवायची, मग काढून घ्यायचा. इतवारीत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो आणि बॅटरी लागत नाही.

मुद्दाम खालून, भव्य दिसेल असं काढायचं असेल तर खुशाल काढा, पण मग ३० अंश कलवा. ५ अंशांचा कल चूक वाटतो.

घुमटाचं अंडं होतं त्याचं कारण वेगळं. गोल वस्तू मध्यभागी गोलच येते, जसजशी कडेला जाईल तसतशी मध्यापासून बाहेरच्या दिशेने ताणली जाते. १६ एमएमच्या आडव्या फ्रेममध्ये अगदी डाव्या-उजव्या कडेला हा ताण दीडपट असतो, कोपऱ्यात १.७ पटीच्या आसपास. २४ एमएमला कडेचा ताण सव्वापट, ३५ ला जेमतेम आठव्या हिश्शाइतका. म्हणून गोल ते सगळं, म्हणजे घुमट, दुर्बिणीचं तोंड, वजन आणि माणसांची डोकी, फ्रेमच्या मधल्या भागात. कडेला सरळ रेषांना जागा द्या: जिना, दार, भिंतीवरचा स्विचबोर्ड, शिडी. मुख्याध्यापिका बाईंना कडेला उभं करून १६ वर फोटो काढलात तर पुढच्या वर्षीची स्मरणिका दुसरा कोणी करेल. आणि हा ताण सॉफ्टवेअरमधल्या लेन्स करेक्शनने जात नाही. ते बटण सरळ रेषांचा फुगवटा काढतं, हा प्रकार भूमितीचा आहे. त्यावर उपाय म्हणजे ३५ एमएमवर उभ्या फ्रेमा घेऊन जोडणं आणि जोडताना पानिनी (Panini) प्रोजेक्शन निवडणं. ह्युगिन नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते आहे. मात्र घुमटात सगळं हाताच्या अंतरावर असतं, त्यामुळे कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर फिरवला तर जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे सांधे जुळत नाहीत. लेन्सच्या आतल्या एका ठरावीक बिंदूभोवती तो फिरला पाहिजे, त्यासाठी कॅमेरा मागे सरकवणारी पट्टी लागते. फ्लेक्ससाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

घुमटाला दार असेल तर ते उघडा आणि ट्रायपॉड बाहेर न्या. एवढी साधी गोष्ट, पण आत शिरलं की माणूस दार लावून घेतो आणि मग जागा नाही म्हणतो. दार पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर तुमचं नशीब.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. चांगल्या वेधशाळेत दुर्बिणीचा खांब आणि माणसं उभी राहतात ती फरशी एकमेकांना चिकटलेली नसतात, मध्ये फट सोडतात, म्हणजे चालण्याचे हादरे दुर्बिणीला लागत नाहीत. दुर्बीण स्थिर. तुमचा ट्रायपॉड मात्र त्याच हादरणाऱ्या फरशीवर उभा आहे. चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये कोणी पाय बदलला तरी फोटो हलतो आणि आपण लेन्सला नावं ठेवतो. शटर उघडं असेपर्यंत सगळ्यांनी पुतळे व्हायचं. (शटरवरून आठवलं: घुमटाच्या झडपेलाही शटरच म्हणतात. "शटर उघड" असं मी माझ्या पोराला म्हणालो आणि त्याने कॅमेऱ्याऐवजी अख्खा घुमट उघडला, तोही ऑक्टोबरच्या भुरभुर पावसात. तेव्हापासून आम्ही घुमटाला झडपच म्हणतो.)

उजेडाचं बोलू. वेधशाळेत लाल दिवा असतो, कारण अंधाराला सरावलेला डोळा गडद लाल उजेडाने फारसा बिघडत नाही. कॅमेऱ्याला मात्र हा उजेड घातक. सेन्सरवरच्या चारांपैकी एकाच पिक्सेलवर लाल गाळणी असते. शुद्ध लाल उजेडात तेवढेच पिक्सेल काम करतात, तपशील जातो, आणि एकत्रित हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसत असताना लाल चॅनल कधीच जळून गेलेला असतो. व्हाइट बॅलन्सने काही परत येत नाही. लाल वातावरण हवंच असेल तर हिस्टोग्राममध्ये लाल रंग वेगळा बघा आणि एक्स्पोजर एक-दीड स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मी करतो ते असं: लाल दिवा मंद, आणि एक्स्पोजरच्या काळात दोन-तीन सेकंद बटर पेपर गुंडाळलेली पिवळसर टॉर्च बाजूने फिरवायची. कॅमेऱ्याच्या मागून नाही, बाजूने, नाहीतर नळी सपाट पत्र्यासारखी दिसते. नळी चकचकीत असेल तर टॉर्च थेट न मारता घुमटाच्या आतल्या पांढऱ्या पृष्ठभागावर मारा, तोच तुमचा छत्री-लाइट. फ्लॅश नको. दुर्बिणीच्या तोंडाशी काच आहे, तिच्यात फ्लॅशचा डाग येतो आणि तुम्हीही दिसता. त्या काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी रुमाल काढायचा नाही, ते काम दुर्बीण सांभाळणाऱ्याचं.

आत उजेड आणि घुमटाच्या झडपेच्या फटीतून दिसणारं आकाश, दोन्ही एका फ्रेममध्ये हवं तर वेळ फार थोडा मिळतो. नागपूरच्या अक्षांशावर सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश रेंगाळत नाही. सूर्यास्तानंतर अंदाजे २० ते ३० मिनिटांनी आकाशाची निळाई आणि आतला मंद दिवा तोलात येतात, दहा मिनिटांत संपतं. डिसेंबरात सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, म्हणजे साडेचारला ट्रायपॉड लागलेला हवा, चाचणीच्या फ्रेमा झालेल्या हव्यात. आयएसओ १००, एफ ८, रॉ, दोन-तीन वेगवेगळी एक्स्पोजर. फोकस दुर्बिणीवर. १६ एमएमला एफ ८ वर १.१ मीटरवर फोकस केला की साधारण ५५ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. तारे आले की हे गणित पुरत नाही, ताऱ्यांसाठी खऱ्या ताऱ्यावर फोकस करून वेगळी फ्रेम घ्या.

इथे एक प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. तुम्ही पश्चिमेच्या भिंतीला उभे, दुर्बीण दक्षिणेला रोखलेली, मग फट दक्षिणेला हवी, आणि १६ एमएमच्या आडव्या फ्रेममध्येसुद्धा ती कडेला जेमतेम अर्धी येते. म्हणून बरेच जण घुमट फिरवून फट दुर्बिणीच्या मागे, पूर्वेला आणतात. आकाश छान येतं, पण दुर्बीण फायबरच्या भिंतीकडे टक लावून बसलेली. सामान्य माणसाला कळत नाही. वेध घेणारा माणूस हसतो. मी ते करत नाही. मी दोन वेगळे फोटो काढतो. एक बाजूचा, कोन खरा, फट बंद किंवा जिथे असायला हवी तिथे. दुसरा उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून, दक्षिणेकडे बघत: समोर दुर्बिणीचा मागचा भाग, आयपीसला डोळा लावलेली एक मुलगी, आणि त्यापलीकडे फटीतलं आकाश. दुर्बीण जिकडे बघते तिकडेच आपणही बघतो. या फोटोत अक्षाचा कोन वाचताच येत नाही, त्यामुळे तो खोटाही ठरत नाही. शाळेच्या फ्लेक्सला हाच शोभेल, आणि यात १६ एमएमची ओढ कामाला येते, कारण मुलगी मध्यभागी आहे आणि घुमटाच्या पट्ट्या चहूबाजूंनी तिच्याकडे धावतात. मुलीला सांगा, श्वास रोखायचा नाही, फक्त डोकं आयपीसच्या रबराला हलकं टेकवून ठेवायचं. दोन सेकंद कुठलंही पोर स्थिर राहतं.

बाहेरून काढायला वाइड लेन्स गच्चीवर खरोखर सुखाची आहे, आणि याचं श्रेय पुन्हा आपल्या २१ अंशांना. ध्रुवतारा उत्तरेला फक्त २१ अंशांवर. १६ एमएम आडवी, पूर्ण लेव्हलमध्ये धरली तरी ती वर ३६-३७ अंशांपर्यंत बघते. म्हणजे कॅमेरा न कलवता, घुमट सरळ ठेवून, ध्रुवाभोवतीची ताऱ्यांची चक्रं फ्रेममध्ये येतात. ध्रुव नेमका घुमटाच्या माथ्यावर हवा असेल तर लेन्सपासून माथा जितका उंच, त्याच्या सुमारे २.६ पट अंतरावर दक्षिणेला उभं राहायचं. माथा अडीच मीटर वर असेल तर साडेसहा मीटर. गच्ची तेवढी लांब नसेल तर ट्रायपॉड उंच करा. अर्धा-अर्धा मिनिटाच्या १२० फ्रेमा जोडल्या की तासाभराचे, म्हणजे १५ अंशांचे कंस मिळतात. एकच तासाभराचं एक्स्पोजर करू नका. नागपूरवरून देशभरातली विमानं जातात, दर थोड्या वेळाने एक रेघ उमटते, आणि सुट्या फ्रेमा असल्या तर ती रेघ तेवढ्यापुरती पुसता येते. शहरातून उत्तरेला बघताना कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांचा उजेड खाली तांबूस चढतो. घुमटाने तो झाकला जाईल अशी उंची निवडा. मी एकदा शेजाऱ्यांच्या टाकीवर चढून त्याच उजेडाला पार्श्वभूमी केलं होतं, काळा घुमट आणि मागे तांबडं. तो फोटो अजून भिंतीवर आहे. शेजाऱ्यांना विचारून चढा मात्र.

चंद्र खगोलवाल्यांना नको असतो, आपल्याला थोडा हवा असतो. शुद्ध चतुर्थी-पंचमीचा चंद्र पश्चिमेकडून घुमटावर मऊ उजेड टाकतो आणि दहाच्या सुमारास मावळतो. आधी तुम्ही काम उरका, मग दुर्बीण त्यांच्या ताब्यात द्या. कोणाचं भांडण नाही.

घुमट पारदर्शक दिसतो असे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते गच्चीवरही जमतं. आत मंद लाल दिवा, बाहेर पूर्ण अंधार, चंद्र नाही, दुर्बीण स्थिर, आणि मोठ्या एक्स्पोजरमध्ये उघड्या फटीसह घुमट एक-दोन पूर्ण फेऱ्या एकसारख्या वेगाने फिरवायचा. ३ मीटर घुमटाचा घेर ९.४ मीटर. फट ६० सेंटिमीटरची असेल तर प्रत्येक जागा एक-सोळांश वेळच उघडी असते, म्हणजे आतली दुर्बीण नेहमीपेक्षा चार स्टॉप अंधारी येणार. तेवढं एक्स्पोजर आधीच वाढवून घ्या. हाताने ढकलायचा घुमट असेल तर दोन दणकट पोरं लागतील, आणि मध्येच थांबले की तिथे उजळ पट्टा उमटतो. पहिल्या दहा प्रयत्नांत जमणार नाही.

मोबाइलबद्दल एका वाक्यात: त्यातला ०.५ चा कॅमेरा साधारण १३ एमएमइतका वाइड असतो, तो विसरा, मुख्य कॅमेरा २४-२६ च्या आसपास असतो, तो वापरा, आणि जागेचे नियम वरचेच.

एकदा ही जमवाजमव हाताला बसली की मोठ्या दुर्बिणी बघायला जा, पण तिथे प्रतल बदलतं हे ध्यानात ठेवा. पुण्याजवळ गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची २ मीटरची, उत्तराखंडात देवस्थळची ३.६ मीटरची, या दुर्बिणी ध्रुवीय अक्षावर फिरत नाहीत, तोफेसारख्या वर-खाली आणि आडव्या फिरतात. तिथे अक्षांशाचा कोन शोधायचा नाही, काट्याचे दोन हात सरळ उभे यायला हवेत. तमिळनाडूतल्या कवलूरची वेणू बापू दुर्बीण, २.३४ मीटरची, मात्र विषुववृत्तीय आहे, घोड्याच्या नालेसारख्या प्रचंड कड्यावर फिरते, आणि तिचा अक्ष साडेबारा अंशांचा. आपल्याहूनही लोळलेली. अशा ठिकाणी रात्री एक काडीसुद्धा पेटवता येत नाही, फोटोसाठी परवानगी दिवसाचीच मागा. जवळ जायचं तर पेंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क जाहीर झाला, वाघोलीला तलावाजवळ आकाश बघायची सोय केली आहे आणि आजूबाजूच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले आहेत. मार्च-एप्रिलच्या पहाटे आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला त्या ४० अंशांवर येतो. नागपूरचा उजेडही दक्षिणेलाच, पण इतक्या दूरवरून तो खाली क्षितिजाशी राहतो. थंडीत पाण्याजवळ लेन्सवर दव धरतं, मोज्यात हात गरम ठेवायची पुडी घालून लेन्सला गुंडाळा.

दोन सावधगिऱ्या. चाचणी दुपारी घेणार असाल तर नळीचं झाकण आणि छोट्या शोधक दुर्बिणीचंही झाकण लावलेलंच ठेवा. ११ इंचांतून गोळा झालेलं ऊन आधी डोळ्याचा घात करतं, प्लास्टिक नंतर जाळतं. आणि एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका. गच्चीवरच्या बंद घुमटात संध्याकाळीही भट्टी असते, सेन्सर तापतो, मोठ्या एक्स्पोजरमध्ये दाणे दुपटीने वाढतात, ट्रायपॉडला हात लावता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा.

राहिला फ्लेक्स. तुमचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ बाय ४ फुटांना पुरतो, इंचाला ८३ पिक्सेल मिळतात आणि फाटकावरचा फ्लेक्स कोणी नाकाला लावून बघत नाही. धोका दुसराच आहे. फ्लेक्सवाला त्याच्या चौकटीत बसवायला फोटो आडवा ओढतो, ६ बाय ४ चा ६ बाय ३ करतो, सगळ्यांचे चेहरे रुंद होतात आणि तुमचे २१ अंश १६ वर येतात, दुर्बीण थेट बेळगावात. म्हणून फाइल आधीच नेमक्या मापात क्रॉप करून द्या, छपाईच्या वेळी स्वतः दुकानात थांबा, आणि त्याला सांगा की बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल, पण ओढायचं नाही.